घरी भाजलं म्हणून सांगा

अपघाताला पाच महिने झाले तरी मावशींना स्वतःची वेणी घालता येत नव्हती. रोज सकाळी शिवणयंत्रावर बसायच्या आधी नवरा त्यांच्या मागे स्टूल ओढून बसायचा आणि वेणी घालून द्यायचा. तो शिंपी. लोकांच्या उसवलेल्या शिवणी घालायच्या, पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, यात त्याचं आयुष्य गेलेलं. कपड्यावर त्याचा हात बसलेला होता, केसांवर काही बसत नव्हता. वेणी कधी डावीकडे कलायची, कधी मानेपाशीच सुटायची.

"आज बरी झाली," तो म्हणायचा.

"हो," मावशी आरशात न बघताच म्हणायच्या. त्यापुढे बोलायचा दोघांनाही कंटाळा आलेला असायचा.

मावशी ही काही कुणाची सख्खी मावशी नव्हे. एका मोठ्या लॉन्ड्रीच्या इस्त्रीखात्यात त्या सोळा वर्षं होत्या, आणि तिथे मालकांपासून ट्रकवाल्यापर्यंत सगळेच त्यांना मावशी म्हणायचे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे यायच्या. ओल्या चादरीची कड दोन्ही हातांनी ताणून धरायची आणि फिरत्या गरम रोलरच्या तोंडाशी द्यायची. पलीकडून ती कोरडी, कडक होऊन बाहेर पडायची आणि चिमणी तिची घडी घालायची. चिमणी म्हणजे घडीच्या टेबलावरची बाई. सकाळी हजेरी लागल्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत तिची टकळी चालूच, म्हणून चिमणी.

रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी होती. बोटं फार पुढे गेली की ती ढकलली जायची आणि मशीन जागच्या जागी थांबायचं. पण जाड चादर आली की तीही दांडीला लागायची आणि मशीन उगाचच थांबायचं. एकदा मोठी ऑर्डर अडली तेव्हा मॅनेजर घाईघाईने आला.

"मावशी, ती दांडी वर बांधून टाका बघू! असं थांबत बसलो तर ट्रक भरायचा कधी?"

मावशींनी जुन्या चादरीची चिंधी फाडली आणि दांडी वर बांधून टाकली. दोन घट्ट गाठी मारल्या. काम खरंच भराभर होऊ लागलं. अकराव्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताची बोटं चादरीच्या कडेबरोबर आत गेली.

चिमणीने धावत येऊन लाल बटण दाबलं. मॅनेजरने स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, हे मावशींना पुढे कितीतरी दिवस मोठं वाटत राहिलं. वाटेत तो सारखा मागे वळून सांगत होता, "मावशी, दवाखान्यात घरी भाजलं म्हणून सांगा. उकळतं पाणी सांडलं म्हणा, काहीही म्हणा. नाहीतर चौकशी लागेल, मशीन बंद पडेल, चाळीस बायकांच्या पोटावर पाय येईल. आणि आम्ही आहोत ना! तुम्ही काय परक्या आहात?"

मावशींच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

"घरी भाजलं," मावशी म्हणाल्या. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं.

पहिल्या महिन्यात दवाखान्याचा खर्च लॉन्ड्रीने केला, पगारही आला. दुसऱ्या महिन्यात अर्धाच आला. तिसऱ्या महिन्यापासून मॅनेजरचा फोन लागेना, आणि लागला तर उचलला जाईना. मावशी एकदा बसने जाऊन आल्या. फाटकावरच्या वॉचमनने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत असं खाली बघत सांगितलं. दोन तास बसून मावशी परत आल्या.

"सोडून दे," नवरा म्हणाला. "मोठ्या लोकांशी आपण कुठे पुरे पडणार? कोर्टकचेरीत चपला झिजवायच्या, आणि वर वकील आपल्यालाच सोलून काढणार."

"मी कुठे काय म्हणतेय?" मावशी म्हणाल्या. "गाठ मीच मारली होती ना. मग कुणाला बोलू?"

हे त्या स्वतःला रोज सांगायच्या. हाताच्या दुखण्यापेक्षा त्या एका वाक्याने त्या जास्त थकल्या होत्या.

दवाखान्यात आठवड्यातून दोनदा हाताचा व्यायाम करून घ्यायला जावं लागे. तिथल्या व्यायामवाल्या बाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. एके दिवशी मावशींची बोटं एकेक करून उलगडताना त्यांनी हात उजेडात धरला, तळव्याकडून पाहिला, मागून पाहिला.

"मावशी, पाणी सांडलं तर हात असा दोन्हीकडून दाबला जात नाही हो."

मावशींनी हात ओढून घेतला.

"मला सांगू नका. पण कोर्टाच्या इमारतीत तळमजल्यावर मोफत कायदेशीर मदत केंद्र आहे. झेरॉक्सवाल्याच्या शेजारचं दार. तिथे सांगा."

मावशींनी पत्ता ऐकून घेतला आणि तीन आठवडे काही केलं नाही. चौथ्या आठवड्यात गेल्या, तेही नवऱ्याला न सांगता.

खोली लहान होती. फायलींचे गठ्ठे खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढलेले, बाकावर आधीच सहाजण. टेबलामागे निवृत्तीच्या वयाला टेकलेल्या वकीलबाई बसल्या होत्या. चष्मा कपाळावर चढवून त्या तोच चष्मा टेबलावर शोधत होत्या. मावशींनी तो दाखवून दिला, तेव्हा वकीलबाई हसल्या. "बघा, आल्या आल्या तुम्हीच माझं काम केलंत. बसा."

"तुमची फी..."

"इथे फी नसते. आणि नसते म्हणून उपकारही नसतो. हात कसा गेला ते सांगा. खरं सांगा."

मावशींनी पाच महिन्यांत पहिल्यांदाच सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

"पण मालकांचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नाही बाई. सोळा वर्षं काम दिलं त्यांनी."

"आणि तुम्ही काय दिलंत?"

"मी... काम केलं."

"मग फिटलं की! त्यांनी काम दिलं, तुम्ही काम केलंत. यात ऋण कसलं राहिलं?"

"मावशी म्हणतात हो ते मला."

"माझ्या मावशीचा हात भाजला असता, तर मी तिला डॉक्टरसमोर खोटं बोलायला लावलं नसतं," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. "हे बघा, भरपाई म्हणजे भीक नव्हे आणि सूडही नव्हे. काम करताना माणूस जायबंदी झाला तर त्याचा भार एकट्या त्याच्या घरावर पडू नये, म्हणून कायदा केलाय. तो तुमच्यासाठीच आहे, आणि तुम्हीच त्याच्या दारात चोरासारख्या उभ्या आहात!"

मावशींनी मान खाली घातली. "पण गाठ मीच मारली होती."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणाच्या सांगण्यावरून?"

"मॅनेजरच्या."

"कुणी ऐकलं?"

"चिमणीने."

"हे महत्त्वाचं आहे. तुम्ही आपल्या मनाने दांडी बांधली असं लॉन्ड्रीवाल्यांनी दाखवलं, तर दावा अडकू शकतो. हुकुमावरून बांधली असेल तर गोष्ट वेगळी. अर्ज करायची मुदत अजून आहे, पण पाय पसरून बसण्याइतकी नाही." त्या लिहू लागल्या आणि लिहिता लिहिताच विचारलं, "आता त्या मशीनवर कोण असतं?"

"माहीत नाही."

"आणि दांडी? सोडली का?"

सोळा वर्षं त्या रोलरसमोर उभं राहून, पाच महिने त्याच हातासाठी कण्हून, हा प्रश्न त्यांच्या मनात एकदाही आला नव्हता!

तिथून त्या घरी गेल्याच नाहीत. तडक चिमणीच्या घरी गेल्या. चिमणी नुकती कामावरून आली होती, पायरीवर बसून घोटे चोळत होती. मावशींना बघताच तिने जागा करून दिली, पण तोंडातून शब्द काढला नाही.

"माझ्या जागी कोण आहे गं?"

"मी."

"आणि दांडी?"

चिमणी घोटे चोळत राहिली. "बांधलेलीच आहे मावशी. रोज बघते मी ती चिंधी. सोडायला हात पुढे होत नाही. घरी दोन पोरी आहेत, त्यांचे बाबा घरात बसून." मग एकदम मावशींचा डावा हात धरून म्हणाली, "साक्षीला मला बोलावू नका. पाया पडते तुमच्या."

मावशींना तिचा राग आला नाही. आपण स्वतः तरी डॉक्टरांपुढे कुठे बोललो होतो? पण परत येताना बसमध्ये त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःचा हात नव्हता. चिमणीचा होता. पाचही बोटं धड असलेला.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने मशीनचं फिरतं चाक हाताने थांबवलं.

"वकीलबाईंनी परत कधी बोलावलंय?"

"उद्या. कागद घेऊन."

"मग उद्या दुकान बंद," तो म्हणाला आणि पत्र्याच्या पेटीतून केसपेपर शोधू लागला.

त्यापुढचं सांगावं तर ते सगळं थकवणारंच आहे. डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगायचं आणि ते लिहून घ्यायचं. दाखल्यासाठी एक खिडकी, शिक्क्यासाठी दुसरी, आणि दुसरीवाला जेवायला गेलेला. कामगार कार्यालयातले लांब बाक, भिंतीला टेकून टेकून पडलेले तेलकट डाग. तारीख लागायची, पुढे जायची. एकदा लॉन्ड्रीचे वकील आले नाहीत, एकदा अधिकारीच रजेवर. शिंप्याची गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली. "सोडून देऊ या का?" असं दोघांपैकी कुणीतरी दर महिन्याला म्हणायचं. बरं एवढंच, की दोघं एकाच दिवशी कधी म्हणाले नाहीत.

अखेर सुनावणी झाली. अधिकारी मध्ये, एका बाजूला मॅनेजर आणि त्याचे वकील. मॅनेजरने ठामपणे सांगितलं, "साहेब, या बाई घरी भाजल्या. केसपेपरवर लिहिलंय. आम्ही माणुसकी म्हणून मदत केली."

वकीलबाईंनी चष्मा नाकावर घेतला. "रोलरला हात वाचवणारी दांडी असते ना?"

"असते. चांगली चालू असते."

"अपघाताच्या दिवशी ती वर बांधलेली होती, खरं ना?"

"ती या बाईंनीच बांधली होती, साहेब!" मॅनेजर उसळून म्हणाला. "स्वतःच्या हाताने! हयगय यांची, आणि भोगायचं आम्ही?"

मॅनेजरच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे भाजलं तेव्हा या तुमच्याच मशीनवर होत्या," वकीलबाई हळूच म्हणाल्या. "घरी काही रोलर नसतो कुणाच्या."

मॅनेजरच्या वकिलांनी सावरून घेतलं. दांडी मावशींनीच बांधली याला साक्षीदार आहे, असं म्हणून त्यांनी नाव पुकारलं, आणि दारातून चिमणी आत आली. वेळ पडली तर म्हणून लॉन्ड्रीच्याच गाडीतून तिला आणून ठेवलं होतं. तिने मावशींकडे पाहिलं नाही.

"गाठ कुणी मारली?"

"मावशींनी."

"स्वतःच्या हाताने?"

"हो."

"बस, एवढंच."

"एवढंच नाही!" चिमणी म्हणाली. आवाज फाटला होता, पण ती थांबली नाही. "मॅनेजरसाहेबांनी सांगितलं म्हणून मारली. मी हातभर अंतरावर होते. 'ट्रक भरायचा कधी' म्हणाले. आणि साहेब, ती गाठ आजही तशीच आहे! आता तिथे मी उभी असते!"

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. त्यांनी तिला शेवटचं वाक्य पुन्हा सांगायला लावलं आणि शब्दन् शब्द लिहून घेतला.

त्याच आठवड्यात तपासणी झाली आणि दांडी सुटली. निकाल यायला मात्र आणखी चार महिने लागले. मावशींना भरपाई मंजूर झाली. मागितली होती त्याहून कमी, पण दवाखाना निभावेल आणि घर सावरेल इतकी. दोन बोटं वाकत नाहीत, ती आता वाकणारही नाहीत. साक्षीनंतर लॉन्ड्रीने चिमणीला धुलाईखात्यात ओल्या गाठोड्यांवर टाकलं. तिने दोन महिने काढले, आणि मग वकीलबाईंच्या ओळखीने दुसरीकडे काम धरलं. तिथे पहिल्याच दिवशी तिने मशीनला दांडी आहे का, हे मोठ्याने विचारलं म्हणे.

निकालाचा कागद घेऊन दोघं कार्यालयाच्या पायऱ्या उतरत होते. नवरा मध्येच थांबला.

"मी तुला सोडून दे म्हणालो होतो."

"म्हणाला होतात."

"चुकलो गं."

"मीही चुकले," मावशी म्हणाल्या. "त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा."

वाचकहो, मावशींसारखी माणसं तुमच्या-आमच्या ओळखीत आहेत. कुणाची पाठ गोदामात मोडते, कुणाचा डोळा वेल्डिंगच्या ठिणगीने जातो, आणि मग कुणीतरी गोड बोलून त्यांना गप्प बसवतं. अशा वेळी आपण सगळ्यात आधी काय म्हणतो? "जाऊ दे, कशाला वाढवतोस!" हे म्हणणं आता सोडायला हवं. कामावर इजा झाली तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी खरं सांगावं, कागद जपावेत, आणि मुदत असतानाच जाणकार माणसाकडे जावं. पैसे नसतील तर मोफत मदत मागावी, त्यात कमीपणा नाही. हक्काचं मागणं म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. आपण गप्प बसलो, तर आपल्या रिकाम्या जागी उद्या दुसरं कुणीतरी येऊन उभं राहतं, आणि त्याला कुणीच काही सांगितलेलं नसतं.