ओरेगॅनोची शेवटची कुंडी

माझा धाकटा भाऊ जयंत वैद्य आहे, आणि त्यानं जन्मात माझं एकदाही ऐकलेलं नाही. आमचे वडील, तात्या, तेही वैद्यच. माधव नगरच्या घरी गच्चीवर त्यांनी ओरेगॅनो लावला होता. मरव्याचाच भाऊबंद, उष्ण, कफ सुटायला चांगला, असं ते सांगत. त्याची निगा तीस वर्षं मी राखली.

दोन हिवाळ्यांपूर्वी तात्यांना खोकला झाला. जयंतनं त्याच पानांचा काढा सुरू केला. चौथ्या दिवशी त्यांना धाप लागली तेव्हा मी म्हटलं, हे काढ्याचं काम नाही, हॉस्पिटलात ने. तो चार पेशंटांसमोर म्हणाला, "ताई, तुला झाडं समजतात. दवा माझ्यावर सोड." सहाव्या दिवशी तात्या गेले. मी रडले, पण भांडले नाही. भांडून त्याचं काय बिघडलं असतं?

यंदा त्यानं नानाखेड्याला नवा दवाखाना काढला आणि पुढच्या अंगणात तात्यांच्या नावाची वनौषधी बाग. ओरेगॅनोच्या बारा कुंड्या मात्र माझ्याकडूनच हव्या होत्या. मी दिल्या. बोटभर फांद्या खोचल्या, मातीत निम्मी वाळू घातली, छान उन्हात वाढवल्या. देताना त्याच्या बायकोसमोर, मृणालसमोर, तीनदा बजावलं: माती बोटभर खोल कोरडी लागल्याशिवाय पाणी घालायचं नाही, मुळं कुजतात. एक अक्षर खोटं सांगितलं नाही. मी सांगितलं म्हणजे तो उलटंच करणार, याची मला पक्की खात्री होती.

झालंही तसंच. उद्घाटनाला बाग हिरवीगार दिसावी म्हणून त्यानं रोज सकाळ-संध्याकाळ पाइप लावला. त्या दिवशी तात्यांचे जुने पेशंट जमले आणि कुंड्यांमधून पिवळ्या, लोळलेल्या काड्या त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांच्यातल्या अक्का कुलकर्णींनी सगळ्यांदेखत विचारलं, तात्यांची झाडं अशी कधी नव्हती, काय झालं रे? मी ठेवणीतली माहेश्वरी नेसून पहिल्या रांगेत बसले होते. दोन पेढे खाल्ले. तरी मन भरलं नाही.

चार दिवसांनी तो एक कुंडी घेऊन माझ्या दारात आला. तिच्यात दोन फुटवे अजून हिरवे होते. तो पायरीवरच बसला.

"अकरा गेल्या, ताई. तू सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." मग म्हणाला, "तात्यांच्या वेळेलाही नाही ऐकलं. ही बचेल का? तू बोलशील तसंच करीन."

त्यानं खिशातून पॅड काढलं, ज्यावर औषधं लिहितो ते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हेच त्या दिवशी विचारलं असतंस तर तात्या कदाचित वाचले असते, हे ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. फुटवे कापून जेमतेम ओलसर वाळूत, हवेशीर उजेडात लावले की आठ-पंधरा दिवसांत मुळं धरतात, हे मला झोपेतही सांगता येतं.

"अंधाऱ्या खोलीत ठेव," मी म्हटलं. "वरून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांध. पंधरा दिवस उघडू नकोस."

त्यानं शब्द न् शब्द लिहून घेतला आणि मला वाचून दाखवला. "बरोबर ना, ताई?"

"बरोबर," मी म्हटलं.