दाराकडे तोंड करून

रविवारी दुपारी धाकटीचा सोफ्यावर जरा डोळा लागला होता. चहा झाला म्हणून थोरल्या बहिणीने तिच्या खांद्याला हात लावला, आणि डोळे उघडायच्या आत धाकटीचा ठोसा बसला. थोरलीचं नाक फुटलं. रक्त थेट कपात.

"बास झालं," नाक दाबून धरत थोरली म्हणाली. "उद्यापासून माझ्याबरोबर ध्यानाच्या वर्गाला यायचं. नाहीतर एक दिवस मी तुझ्या हातून मरेन, आणि वर रडायलाही तूच."

धाकटी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या इस्त्रीयंत्रावर काम करायची. तिचा नवरा ट्रक चालवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने जॅकच्या दांड्याने तिचा डावा गुडघा फोडला. आत सळी घालावी लागली. इस्पितळातून ती बहिणीकडे आली ती आलीच. नवरा सहा महिने आत राहून सुटला, त्यालाही आता वर्ष होत आलं होतं. तरी जिन्यात बूट वाजले की ती हातातलं काम टाकून दाराची कडी तपासायची.

वर्ग टायरच्या दुकानावरच्या लांबट खोलीत, संध्याकाळी पाचला भरायचा. शिकवणारे सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर. ध्यानसुद्धा ते कवायतीसारखंच घ्यायचे. "मांडी पक्की, पाठ ताठ, डोळे बंद! शरीर हललं की मन उधळलंच समजा."

धाकटीचा डावा गुडघा काही जमिनीला टेकेना. सर मागून आले आणि त्यांनी तो हलकेच खाली दाबला. पुढच्या क्षणी सर भिंतीशी कोलमडले होते, खालचा ओठ फाटला होता, आणि धाकटी मूठ आवळून त्यांच्यासमोर उभी होती. थोरलीने कपाळावर हात मारून घेतला.

सरांनी ओठाला रुमाल लावला.

"चूक माझी," ते म्हणाले. "न विचारता हात लावला. तुम्हाला कसं जमतंय ते आपण बघू."

पुढचे तीन आठवडे त्याचीच शोधाशोध चालली. भिंतीला टेकून बसावं, तर नवरा केस धरून डोकं भिंतीवर आपटायचा ते आठवे. आडवं पडून पाहिलं, तर बरगड्या आपोआप आखडल्या. लाथा तिथेच बसायच्या. वज्रासनाचा तर प्रश्नच नव्हता. सर चिकाटीचे होते.

"तुम्हाला निवांत कधी वाटतं?" त्यांनी विचारलं.

"कामावर. मशीनपाशी उभी असते तेव्हा. दार समोर असतं."

दुसऱ्या दिवशी सरांनी खालच्या दुकानातून लोखंडी पायांचं स्टूल स्वतः वर आणलं आणि आपल्या शेजारी ठेवलं. दार खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं. धाकटी त्याच्याकडे तोंड करून बसली. दोन्ही पाय जमिनीवर सपाट, हात मांडीवर, डोळे अर्धे उघडे. बाकीचे बारा जण सरांकडे तोंड करून खाली चटयांवर. "परीक्षेला सुपरवायझर बसवलाय," कुणीतरी कुजबुजलं. धाकटीला हसू आलं. त्या दिवशी आपला श्वास नाकातून आत जातो, हे तिला पहिल्यांदा जाणवलं.

आणि दहा-बारा दिवसांनी तो आला.

वर्ग सुरू होऊन अर्धा तास झाला होता. दार उघडलं. बूट, मग हातातला दांडा, मग त्याचा चेहरा. सगळं तिने या क्रमाने पाहिलं.

"ऊठ," चटयांमधून वाट काढत तिच्यापर्यंत येत तो म्हणाला. "घरी चल."

सरांनी डोळे उघडले आणि मध्ये पडायला ते झटक्यात उठले, पण अर्धा तास मांडी घातलेले पाय बधिर झाले होते. ते झोकांडले. दांडा त्यांच्या खांद्याच्या हाडावर पडला, आणि हाड मोडल्याचा आवाज खोलीभर ऐकू गेला. किंकाळ्या उठल्या. मुंग्या आलेल्या पायांनी जो तो उठू बघत होता आणि दुसऱ्याच्या अंगावर पडत होता. थोरली रांगत गेली आणि तिने त्याचा पाय धरला. त्याने तिच्या छातीत लाथ घातली.

धाकटी उभी होती. स्टूल तिच्या हातात होतं.

पहिला फटका त्याच्या मनगटावर. दांडा गळून पडला. दुसरा जबड्यावर; दात चटईवर सांडले आणि तो खाली बसला. तिथे सगळं संपलं होतं, हे तिला कळत होतं. तिने तिसरा मारला, कानावर. चौथा त्याने वर केलेल्या हातावर. पाचवा मारण्याआधी ती थांबली, नीट पाहिलं, आणि त्याचा डावा गुडघा निवडला.

"अगं मरेल तो!" थोरलीने मागून तिच्या कमरेला मिठी मारली. या वेळी मात्र धाकटीने हात उगारला नाही.

ठाण्यात इन्स्पेक्टरने विचारलं, "किती वार केले?"

"साहेब, जीव वाचवायला हो, दुसरं काय..." थोरली घाईघाईने म्हणाली.

"पहिले दोन जीव वाचवायला," धाकटी म्हणाली. "पुढचे तीन माझे."

इन्स्पेक्टरचं पेन थांबलं. "असंच लिहू?"

"असंच लिहा."

नवरा इस्पितळातून थेट कोठडीत गेला. गुन्हा धाकटीवरही नोंदला गेला. पुढे वर्षभराने कोर्टाने तिला ताकीद देऊन सोडलं. तो आता जन्मभर लंगडणार, हे डॉक्टरांकडून कळलं तेव्हा तिला आनंद झाला. खरोखरचा आनंद. मग दोन दिवस ती जेवली नाही.

त्या मारामारीनंतर महिन्याभरातच ती पुन्हा वर्गाला गेली होती. सरांचा हात झोळीत होता. ती साध्या खुर्चीवर बसली आणि पाच मिनिटांतच उठली.

"काय अडतंय? दार?" सरांनी हळू विचारलं.

"दाराचं काही नाही. हातांचं. मांडीवर ठेवले की मुठी होतात. मग त्याचा गुडघा ऐकू येतो."

सरांनी तिच्या मुठींकडे पाहिलं. "मग हातांवर बसा," ते म्हणाले. "शाळेत पोरं बसतात तशी."

हे कुठल्या पुस्तकात आहे, असं तिने विचारलं नाही. तिने दोन्ही पंजे मांड्यांखाली सरकवले आणि आपलं सगळं वजन त्यांच्यावर टाकलं. हळूहळू बोटं बधिर झाली. थोड्या वेळाने डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुसायला हात मोकळे नव्हते. तिने ते हनुवटीवरून गळू दिलं, आणि तास संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली.