सालीला साल

आरतीने पिशवीतल्या कलमाची काडी चिमटीत धरली. जोर न लावताच ती हातात आली. खालचं टोक काळं पडलं होतं.

“हीपण गेली, मामा. शंभरातली चाळीस गेली यंदा.”

भिमाजींनी पुढची पिशवी जवळ ओढली. पिंपळवंडीच्या या रोपवाटिकेत ते तीस वर्षं आंब्याची कलमं करत होते. चाकूने काप ते घ्यायचे, पट्टी त्यांची बायको चिमाबाई बांधायच्या. कोय लावून आलेल्या आंब्याला फळ कसं लागेल, ते सांगता येत नाही. म्हणून चांगल्या झाडाची काडी कोयीच्या रोपावर बसवायची. मग तेच झाड पुन्हा उभं राहतं. पण सालीला साल भिडली पाहिजे. दोऱ्याएवढी फट राहिली तरी काडी वाळते.

“काप चुकतोय की बांधणी?” आरतीने विचारलं. ती मालकांची मुलगी, शेतकी शिकून आलेली. “ज्याचं चुकतंय त्याला पिशव्या भरायला बसवा, म्हणालेत बाबा.”

चिमाबाईंच्या अंगठ्याला याचं उत्तर दोन पावसाळ्यांपासून ठाऊक होतं. काप तिरका लागायचा. मग त्या काडी एका अंगाला सरकवायच्या, निदान एका बाजूची साल जुळवायच्या आणि पट्टी करकचून आवळायच्या.

“माजंच चुकतंय, ताई,” त्या म्हणाल्या. “बोटात जोर न्हाई ऱ्हायला. पट्टी ढिली पडतीया.”

“अगं...” भिमाजी म्हणाले.

“तुमी गप ऱ्हावा. माजी बोटं मला म्हाईत.”

“मग मामी, उद्यापासून पिशव्या तुम्ही भरा. मामांना कामावरची ती नवी मुलगी, हर्षाली, बांधून देईल.”

संध्याकाळी घरी भिमाजींनी खिशातून एक वाळलेलं कलम काढलं आणि पट्टी सोडायला घेतली. गाठ नखाने सुटेना, दाताने सुटेना. शेवटी चाकू लावावा लागला.

“ढिली व्हती म्हणं,” ते म्हणाले.

चिमाबाई पीठ मळत राहिल्या.

“कवापास्नं कळलं व्हतं?”

“दोन पावसाळं.”

“बोलली न्हाईस.”

“बोलून काय तुमचा काप सरळ आला असता?”

सकाळी भिमाजींनी चाकूची मूठ पुढे करून तो आरतीला दिला. “काप माजा चुकत व्हता, ताई. दिसत न्हाई आता नीट. हिची बांधणी लई घट्ट हाय.” आरती काही म्हणायच्या आत ते मातीच्या ढिगाकडे वळलेही होते.

चाकू हर्षालीकडे गेला, पट्टी पुन्हा चिमाबाईंकडे आली. तिने पहिला काप घेऊन काडी बसवली. चिमाबाईंनी अंगठा फिरवला. फट लागली नाही. पट्टी हातात धरून त्या तशाच बसून राहिल्या.

“चुकलं का, मामी?” हर्षालीने विचारलं.

“न्हाई गं. नीट हाय.”

त्यांनी पट्टी बांधली. पलीकडे भिमाजी गुडघ्यात पिशवी धरून दोन्ही मुठींनी माती ठासत होते.

“अवो,” चिमाबाईंनी बसल्या जागेवरून हाक दिली, “एवढं दाबू नका. मुळ्यांना जागा लागती.”

भिमाजींनी पिशवी उलटी केली आणि पुन्हा भरायला घेतली, मूठमूठ, सावकाश.