सात ठिपक्यांची गल्ली

नकाशा पसरायला टेबल पुरेना, म्हणून मोठ्या मॅडमनी तो सरळ फरशीवर अंथरला आणि चपला काढून त्याच्या कडेला उकिडव्या बसल्या. मुंबईहून आलेली एवढी शिकलेली डॉक्टरबाई, पण बसली कशी, तर मेथी निवडायला बसावं तशी. दीपमालाला त्या तिथंच आवडून गेल्या.

"हे बघ," मॅडमनी पेन्सिल टेकवली.

नाशिक जिल्ह्यावर लाल ठिपके विखुरले होते. एकलहऱ्याला एक, देवळाली कॅम्पला दोन, मालेगावच्या अंगाला चार-पाच. प्रत्येक ठिपका म्हणजे मेंदूत गाठ झालेलं एक माणूस. आणि पंचवटीत, एकाच गल्लीत, एकावर एक दाटीवाटीनं सात.

"सात?" दीपमाला म्हणाली.

"सात. आठ वर्षांत एका गल्लीत सात." मॅडमचा आवाज दबलेला होता, पण डोळे लकाकत होते. "काहीतरी आहे तिथं. पाणी असेल, एखादा कारखाना असेल. जाऊन बघ. पण गावभर बोलू नकोस."

ही गोष्ट २००२ सालची. दोन वर्षांपूर्वी राज्य सरकारनं एक प्रकल्प मंजूर केला होता. त्याचं नाव इतकं लांब होतं की पाटीवर मावेना, शेवटचे दोन शब्द रंगाऱ्यानं बारीक करून खाली कोंबले होते. काम मात्र कुणालाही पटेल असं होतं. तोवर मुंबईचं इस्पितळ आपल्या वहीत लिही, पुण्याचं आपल्या, नागपूरचं आपल्या. याचं त्याला ठाऊक नाही. आता सहा शहरांतली इस्पितळं एकच फॉर्म भरणार, जुने कागद एका ठिकाणी आणणार आणि सगळे मिळून शोधणार की ही गाठ होते तरी कशानं. त्यासाठी सरकारनं पगार दिले, एक जीप दिली आणि एक संगणक दिला. संगणकाला गार हवेची खोली मिळाली, माणसांना पंखा.

दीपमाला या प्रकल्पात घरोघरी जाऊन बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म भरायची. आजारी माणसाच्या घरी जायचं, आणि मग त्याच वयाच्या दोन धडधाकट माणसांच्या घरी जाऊन तेच प्रश्न विचारायचे, फरक कुठं पडतो ते ताडून बघायला. लोक वैतागायचे. "आम्हाला काही झालेलं नाही, मग आम्हाला कशाला?" असं म्हणत चहा मात्र पाजायचे. जाहिरात पाहून तिनं अर्ज केला होता तो पगारासाठी नव्हे. तिचा भाऊ कुंदन एकोणीस वर्षांचा असताना याच आजारानं गेला होता, १९९६ साली. त्यानंतर दोन वर्षांनी वडील गेले. मळ्यावर राहिल्या दोघी, ती आणि आई.

आई म्हणजे गोजराबाई. तिला कुंदन का गेला हे पक्कं ठाऊक होतं, आणि तेच तिचं दुखणं होतं. तीन वर्षांचा असताना पोरगा विहिरीच्या कठड्यावरून बाहेरच्या दगडावर पडला. ती शेवंती तोडत होती, पाठ वळली तेवढ्यात. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. तिनं हळद लावून ते चोळून चोळून बसवलं आणि नवऱ्याला सांगितलंसुद्धा नाही. सोळा वर्षांनी डॉक्टर म्हणाले, डोक्यात गाठ आहे. गोजराबाईनं मनाशी हिशेब जुळवला: बाहेरचं टेंगूळ मीच दाबून आत घातलं. हे ती एकदाच बोलली, तेराव्याच्या दिवशी. पुन्हा कुंदनचं नाव तिच्या तोंडी आलं नाही. दीपमालानं लाख समजावलं, पण शिकलेल्या लेकीचं ऐकते ती आई कसली!

म्हणून सात ठिपके पाहिल्यावर दीपमालाला राहवलं नाही. त्याच गल्लीत चिमाजी फुलवाल्याची वखार होती. बाराव्या वर्षापासून कुंदन रोज पहाटे तिथं फुलांच्या पाट्या पोचवायचा, तिथल्याच नळाचं पाणी प्यायचा. मॅडमनी बोलू नको म्हटलं होतं, पण ती घरी गेली आणि चुलीपुढं बसलेल्या आईला सगळं सांगून मोकळी झाली.

"आई, त्या गल्लीतच काहीतरी आहे. तुझ्या चोळण्यानं काही झालं नाही."

गोजराबाईची भाकरी तव्यावर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. "खरं सांगती?" तिनं तीनदा विचारलं. मग हसली आणि म्हणाली, "कुंदनला त्या गल्लीतली जिलबी लय आवडायची." सहा वर्षांनी घरात ते नाव ऐकून दीपमालाला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या आणि सात नोंदींची यादी घेऊन ती पंचवटीत गेली. यादीत नावं नव्हती, फक्त क्रमांक, वय, वर्ष आणि गल्ली. इस्पितळांच्या कागदावरून संगणकात उतरवलेलं तेवढंच होतं. तिनं दारोदार विचारलं. गुरुजींच्या घरी विचारलं, पिठाच्या गिरणीत विचारलं, वरच्या माळ्यावरच्या भाडेकरूंना विचारलं. कुणाच्याच घरी असा आजारी माणूस कधी नव्हता. एक म्हातारी तर चिडलीच: "आमच्या गल्लीत माणसं नव्वदीला टेकल्याशिवाय जात नाहीत. कुणी सांगितलं तुला हे?"

सात माणसं गेली कुठं? एखादं घर चुकणं समजू शकतं, पण सातच्या सात? उन्हात फिरून ती दमली आणि चिमाजीच्या वखारीत टेकली. झेंडूचे ढीग उपसून झाले होते. चिमाजी आता सत्तरीचा, पण दहा गावांतल्या फुलवाल्यांची नातवंडंसुद्धा त्याला नावानिशी ठाऊक.

"मामा, या गल्लीत डोक्यात गाठ झालेलं कुणी होतं का?"

"गल्लीत? नाय बा." चिमाजीनं तंबाखू मळता मळता विचार केला. "माझ्या शेतकऱ्यांत व्हते. मखमलाबादचा झिपरू. गिरणाऱ्याच्या सुलाबाईचा मालक. आडगावची नवसाबाई, ती तर लय तरणी व्हती..."

तो नाव, वय, साल सांगत बोटांवर मोजत होता आणि दीपमाला यादीवरची वयं ताडून बघत होती. जुळत होती. एकेक करून सहा जुळली.

"पण मामा, ही माणसं इथं राहत नव्हती ना? मग पत्ता इथला कसा?"

"आता मळ्यावर कुठं पोस्टमन येतो, पोरी?" चिमाजी हसला. "इस्पितळात पत्ता इचारला की समदे माझाच सांगायचे. पत्र माझ्याकडं, फोन आला तर माझ्याकडं, मी फुलाच्या गाडीबरोबर निरोप धाडायचो. तुझा बाप येगळं काय करायचा? कुंदनच्या इस्पितळाची पत्रं मीच दिली की तुमाला."

दीपमालानं यादी पुन्हा पाहिली. क्रमांक पाच. पुरुष, वय एकोणीस, १९९६.

कागदावर वडिलांनी 'द्वारा चिमाजी फुलवाले' असंच सांगितलं असणार. उतरवून घेणाऱ्यानं 'द्वारा' गाळलं, चिमाजीही गाळला, राहिली फक्त गल्ली. वेगवेगळ्या गावांतली सात माणसं सरकारी कागदावर एका गल्लीत येऊन बसली होती. तिचा भाऊही तिथंच होता, आणि ती सकाळपासून त्याचंच घर शोधत हिंडत होती. पाण्याच्या बाटल्या रिकाम्याच परत गेल्या.

मॅडमना सांगणं सोपं होतं. त्यांचा चेहरा उतरला, कारण मुंबईला कळवून झालं होतं. मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि खोडरबर मागितलं. "बरं झालं, जाऊन बघितलंस. आता या सातही जणांच्या खऱ्या घरी जायचं आणि फॉर्म भरायचे. तुझ्या घरी मात्र तू नाही, वाल्मीक जाईल. स्वतःच्या माणसांचा फॉर्म स्वतः भरायचा नाही, नियम आहे."

आईला सांगणं अवघड होतं. न सांगितलं तरी कुणाला कळणार होतं? गोजराबाई दोन दिवस गुणगुणत फुलं तोडत होती. पण परवा वाल्मीक येणार, तो विचारणार, आणि खोट्याला पाय नसतात. दीपमालानं मन घट्ट केलं आणि सांगितलं. गोजराबाईनं ऐकून घेतलं. फुलांची पाटी खाली ठेवली.

"म्हंजे पुन्हा माझ्यावरच आलं," ती म्हणाली आणि आत गेली.

वाल्मीक म्हणजे मलेरिया खात्यातून या प्रकल्पात आलेला पंचावन्न वर्षांचा माणूस. डोक्यावर टोपी, खिशाला दोन पेनं, बोलणं सावकाश. तो ओसरीत बसला, गोजराबाई समोर, आणि दीपमाला दाराशी, तोंड बंद ठेवण्याच्या बोलीवर. बाळंतपण कुठं झालं, पाणी कोणतं प्यायचा, फवारणीला हात लावायचा का, असं करत वाल्मीक एकतिसाव्या प्रश्नाशी आला.

"लहानपणी डोक्याला मार लागला होता?"

दीपमालानं दाराची चौकट घट्ट धरली.

"लागला व्हता," गोजराबाई म्हणाली. आणि मग विहीर, दगड, टेंगूळ, हळद, सगळं बाहेर आलं. "मीच चोळलं. वरचं टेंगूळ दाबून दाबून आत घातलं. लिहा तसं."

वाल्मीकनं 'होय'वर खूण केली आणि पेन वर उचललं. "मार लिहिला. चोळल्याचं कुठं लिहू? त्याला रकाना नाही."

"का नाय?" तिनं रागानं विचारलं. मग वेगळ्याच आवाजात: "तुमी धडधाकट मान्सांच्या घरीबी जाता म्हणं. ती काय सांगत्यात?"

"आकडे मुंबईला मोजतात, बाई, ते मला ठाऊक नाहीत. पण मी दोनशे घरं फिरलोय. पोरं पडलेली सगळीकडं. ओट्यावरून, झाडावरून, म्हशीवरून. आणि टेंगूळ आलं की आई चोळते. न चोळणारी आई मला अजून भेटायची आहे." त्यानं टोपी काढली आणि टक्कल पुढं केलं. "हे बघा. बैलगाडीवरून पडलो. केवढं टेंगूळ होतं! आईनं असं चोळलं, की पडल्यापेक्षा चोळल्यानं जास्त रडलो."

गोजराबाईनं हात पुढं केला. परक्या पुरुषाच्या डोक्याला हात लावतोय याचं भान तिला नव्हतं. बोटांनी तिनं ती जागा चाचपली.

"बसलं चोळल्यावर?"

"बसलं."

"आत काय नाय झालं?"

"पन्नास वर्षं होत आली, बाई."

गोजराबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली, अगदी मोठ्यानं, शेजारच्या मळ्यात ऐकू जाईल एवढ्यानं. कुंदन गेला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. दीपमालानं नियम मोडला आणि आईला जवळ घेतलं. वाल्मीक टोपी घालून फॉर्मकडं बघत राहिला.

बऱ्याच वेळानं गोजराबाईनं डोळे पुसले.

"मंग माझ्या लेकराला झालं तरी कशानं?"

"माहीत नाही, बाई. तेच तर शोधतोय."

"मंग शोधा की," ती म्हणाली. "थांबला कशाला? पुढचं इचारा."