न तुटलेली सळई

मी एक न तुटलेली सळई आहे, आणि हीच माझी लाज आहे. मित्रांनो, हे वाक्य चुकून उलटे लिहिलेले नाही.

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून माझा जन्म झाला. जाडी सोळा मिलिमीटर, अंगभर आडव्या कडा. या कडा शोभेच्या नसतात. कारखान्यात तयार झालेला खांब जागेवर आणला की इमारतीच्या पायातून वर आलेल्या सळया त्याच्या बुडाच्या नळ्यांत शिरतात. मग नळ्यांत ग्राउट, म्हणजे सिमेंटचे घट्ट होणारे पातळ मिश्रण, ओततात. ते माझ्या कडांत रुतून बसते. पुढे कितीही ओढा, मी तुटावे, निसटू नये. माझा धर्म एवढाच.

माझ्या गठ्ठ्यातल्या बहिणी राजूरजवळच्या एका शाळेच्या पायात गेल्या. तिथे आठ खांब उभे राहिले, ग्राउट भरले. मी चाचणीसाठी मागे राहिले. त्याच दिवशी मला एका काँक्रीटच्या ठोकळ्यात तसेच बसवले. शाळेचे छप्पर आठ दिवसांनी चढणार होते.

सातव्या दिवशी दीपमाला या अभियंता बाईंनी मला यंत्रात ओढले. दहा टनांपर्यंत मी हलायला नको होते. साडेतीन टनांवर मी सरकले आणि अख्खी बाहेर आले. अंगावर ओरखडा नाही. मी अजूनही त्या धक्क्यातून सावरलेली नाही.

"काटा बिघडला असंल," रामप्रसाद मिस्त्री म्हणाले. "एवढी कोरी सळई निसटंल कशी?"

दीपमालाबाईंनी दुसरा ठोकळा लावला. त्यातली सळईही साडेतीन टनांवरच सुटली. मग त्यांनी माझ्या कडांमधून बोट फिरवले. बोट काळे झाले.

"हे काय लावलंय?"

"ग्रीस हाय, मॅडम," कामगार संपत म्हणाला. "खंडेनवमीला मशिनींसंग सळयांनाबी म्याच लावलं. गंज चढू न्हाई म्हणून."

"शाळेच्या सळयांनाही?"

"त्यांना तर दोन हात जास्ती. आमच्या गावची शाळा हाय ती."

"लेकीच्या वेणीला तरी एवढं लावतो का रे?" मिस्त्री म्हणाले. मग तेच हळू आवाजात म्हणाले, "खांब तर बराबर उभे हायेत. आतलं कोणाला दिसून राह्यलं?"

खांब खरोखर सुरेख दिसत होते. सुरेखपणाला एकक नसते.

संपतने माझ्याकडे पाहिले. "माझी लेक अर्पिता बसणार हाय तिथं, मिस्त्री. खांब उतरवा."

दुसऱ्या दिवशी छपराऐवजी क्रेन आली. ग्राउट फोडायला छिन्न्या आणल्या होत्या. पहिल्या खांबाला ओढ लागली, आणि तो तसाच वर आला. छिन्न्यांची गरज पडली नाही.

नळ्या साफ करून, सळया धुऊन, घासून, नव्या ग्राउटने खांब पुन्हा बसवले. नव्या ठोकळ्यातली सळई तुटली, तेव्हा दीपमालाबाईंनी छप्पर चढवू दिले.

मी आता प्रयोगशाळेच्या फळीवर आहे. अंगावर हलका गंज आहे. तेवढ्याने पकड सुटत नाही. संपत कधी मला पुसायला येतो, पण आधी फडके कोरडे आहे का ते पाहतो. मित्रांनो, माया करा, पण ज्याच्यावर कराल त्याचे काम काय, हे आधी विचारा. मला कोणी विचारले नव्हते.