भाड्याच्या खुर्च्यांचे गाऱ्हाणे

भाट्ये गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, अनिलशेठ यांचा काजू सोलण्याचा कारखाना आहे. तेथील बॉयलर आणि यंत्रे यांची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे पुढील प्रकार मला जवळून पाहता आला.

आमचा काजू हॉलंडमधील एक कंपनी घेते. या वर्षी तिने कळवले की, माल कितीही पांढराशुभ्र असला, तरी तो सोलणाऱ्या माणसांना कसे वागवले जाते हे तपासल्याशिवाय यापुढे खरेदी होणार नाही. शेठनी तत्काळ सुधारणा हाती घेतल्या. जमिनीवर पिवळे पट्टे मारले, प्रथमोपचाराची पेटी टांगली, आणि ज्या बिनपाठीच्या स्टुलांवर बसून बायका दिवसभर काजू सोलतात, ती स्टुले गोदामात दडवून सदू मंडपवाल्याकडून पाठीच्या खुर्च्या तपासणीच्या एका दिवसापुरत्या भाड्याने आणल्या.

खुर्च्या येताच गोदा पाठ टेकून बसली. सोलणीतली ही सर्वांत जुनी बाई. पाठ दुखते, टेकायला काहीतरी द्या, असे ती दर हंगामात सांगे आणि शेठ पुढच्या हंगामाचा वायदा करत. त्या सकाळी तिने डोळे मिटले, लांब श्वास सोडला आणि शांतपणे सांगितले, “शेठ, मी आता हितना उठनार नाय.”

“गोदाक्का, संध्याकाळी सदूचा टेंपो येईल.”

“येवंदे. मला खुर्चीसकट चढव म्हनावं.”

कंपनीचे तपासनीस बायकांना प्रश्न विचारणार होते आणि शेठना खरी धास्ती होती ती त्यांच्या उत्तरांची. एकीने एक सांगितले आणि दुसरीने दुसरे, तर हॉलंड हातचे गेले. तोडगा रावजींनी काढला. रावजी आमचा बॉयलर पेटवतात आणि त्यांच्या वाडीत देवापुढे गाऱ्हाणे घालण्याचा मानही त्यांचाच. गाऱ्हाण्यात एकाने नारळ धरून देवाला सांगायचे आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी एका सुरात “व्हय म्हाराजा” म्हणायचे. तसे म्हटलेले मग कोणी मोडत नाही. रावजींचे म्हणणे असे की, आपली माणसे एकत्र दुसरे काही करोत न करोत, यात चुकत नाहीत. तेव्हा तपासनिसांच्या प्रत्येक प्रश्नाला सर्वांनी मिळून “व्हय” म्हणावे. तालीम उत्तम झाली. “म्हाराजा” गाळायला मात्र पुष्कळ वेळ गेला.

दुपारी सुजय नावाचे तरुण तपासनीस आले. नियमाप्रमाणे त्यांनी शेठना बाहेर थांबवले. शेठ, रावजी आणि मी खिडकीला कान लावून उभे राहिलो. हे नियमात बसत नव्हते.

पगार वेळेवर मिळतो का, असे सुजय यांनी विचारले. व्हय. पिण्याचे पाणी आहे का? व्हय. शेठनी रावजींची पाठ थोपटली. जबरदस्तीने जादा काम करवतात का? व्हय. शेठचा हात रावजींच्या पाठीवरच थांबला. इथे लहान मुले कामाला असतात का? व्हय. दारे बाहेरून बंद करतात का? व्हय. सुजय यांनी पेन खाली ठेवले आणि हलक्या आवाजात विचारले की, ही उत्तरे तुम्हाला कोणी पढवली आहेत का.

“व्हय म्हाराजा,” सर्वजणी म्हणाल्या.

सुजय यांनी शेठना आत बोलावले, त्यांच्या मागोमाग रावजी आणि मीही आत गेलो. लहान मुले कुठे दिसत नाहीत आणि दारे तर उघडीच आहेत, हे त्यांनी मान्य केले. परंतु पढवलेल्या उत्तरांवर अहवाल लिहिता येत नाही. एखाद्या बाईने स्वतःच्या मनातले सांगितले, तरच पुढे जाता येईल. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एकेकटीने बोलण्याची तालीम झालेलीच नव्हती.

गोदाने खुर्चीतूनच विचारले, “रावजीदादा, नारळ हाय काय?”

नारळ होता, बॉयलरपाशी रावजी तो नेहमीच ठेवतात. गोदाने त्यांच्या कानात काही सांगितले. रावजींनी टोपी सारखी केली आणि नारळ उचलला.

“बा देवा म्हाराजा, ह्या कारखान्याची भरभराट कर.”

“व्हय म्हाराजा.” शेठनीही हात जोडून डोळे मिटले.

“हॉलंडच्या गिऱ्हायकाला आमच्या काजूची गोडी लाव.”

“व्हय म्हाराजा.” यात शेठचा आवाज सर्वांत मोठा होता.

“आनि ह्या भाड्यानं आनलेल्या खुर्च्या ह्या बायकांच्या पाठीला कायमच्या लाव.”

“व्हय म्हाराजा.”

शेठचे डोळे उघडले ते त्यांचा स्वतःचा आवाज विरल्यानंतर. नारळ समोर होता. त्यांनी रावजींकडे पाहिले, रावजींनी छताकडे.

सुजय विदर्भातले, त्यांना हा प्रकार अपरिचित होता. मी तो त्यांना क्रमवार समजावून सांगितला. त्यांनी अहवालात लिहिले की, उत्तरे पढवलेली आणि खुर्च्या भाड्याच्या आढळल्या. तथापि त्या कायमच्या देण्याचे व्यवस्थापनाने सर्व कामगारांसमोर आणि एका नारळासमोर मान्य केले असून, पुढील हंगामात पुन्हा तपासणी व्हावी.

संध्याकाळी सदू टेंपो घेऊन आला. दुसऱ्या दिवशी भाट्यात हळद होती आणि खुर्च्या तिथे लावायच्या होत्या. गोदा उठली नाही. तिच्या पाठोपाठ बाकीच्याही उठल्या नाहीत. शेठनी बराच वेळ डोके खाजवले, खुर्च्या विकत घेतल्या आणि सदूला गोदाम उघडून दिले.

त्या हळदीला आम्हीही होतो. पाहुणे आमच्या स्टुलांवर ताठ बसलेले होते. नवऱ्या मुलाचे मामा कमरेवर हात ठेवून शेजारच्या शेठना म्हणाले, “अहो, ह्या स्टुलांवर माणसाची पाठ मोडेल.”

शेठ स्टुलावर जरा सावरून बसले.

“व्हय म्हाराजा,” ते म्हणाले.