मागच्या तारखेचा बॉण्ड

परभणीतले जमीन-प्लॉटचे एजंट सकाळी चहाच्या आधी रामलिंगअप्पाचा आवाज ऐकायचे. अप्पा रोज सात वाजता मोबाईल तोंडाशी धरून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर दोन मिनिटं बोलायचा. कुठलं परिपत्रक आलं, कुठल्या रस्त्याला भाव चढला, कोणत्या गटाला हात लावायचा नाही, एजंटांच्या परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा. तीस वर्षं दलाली केलेला माणूस, पण दलाल म्हटलेलं त्याला खपत नसे. दुकानावरच्या पाटीवर 'सल्लागार' लिहिलं होतं. आता सल्ला देण्यात वाईट काही नाही. पण रोज उठून गावाला सल्ला देणाऱ्याला 'तू चुकतोयस' असं सांगायला कुणी उरत नाही, ही त्यातली गोम.

यंदाच्या एका सकाळी त्यानं मोठ्या खुशीत सांगितलं, "तुकडेबंदीत सूट आली. पंधरा ऑक्टोबर चोवीसच्या आधी झालेले गुंठ्यांचे व्यवहार नियमित होणार. गावठाणालगतचे पण बसतेत. आपापल्या गिऱ्हाइकांना कळवा." बोलून झालं, मोबाईल खाली ठेवला. त्याला लिंबाजी आठवला.

लिंबाजी कृषी विद्यापीठात शेतमजूर म्हणून राबून निवृत्त झालेला. आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलं. हातात निवृत्तीचे पैसे आले तेव्हा अप्पानंच त्याला पेडगावला आश्रुबाच्या शेतातला, गावठाणाला चिकटलेला दीड गुंठा घेऊन दिला. एवढ्याशा तुकड्याची रजिस्ट्री होत नाही, हे अप्पाला तोंडपाठ होतं. तरी "समदे असंच करायलेत मामा, तुमी निर्धास्त ऱ्हा" म्हणत त्यानं साध्या बॉण्डवर व्यवहार लिहून दिला. लिंबाजीनं त्यावर दोन खोल्या बांधल्या. सरजाबाईनं, त्याच्या बायकोनं, गुडघे दुखत असताना महिनाभर भिंतींना स्वतः पाणी मारलं. त्या बॉण्डवर तारीख होती वीस जानेवारी पंचवीस. सूट तीन महिन्यांनी हुकली होती.

एवढंच असतं तर अप्पा गप्प बसला असता. पण पेडगाव रस्त्याचे भाव वर्षात दुपटीला गेले होते. बाहेरची कुणीतरी पार्टी आश्रुबाचा अख्खा गट मागते आहे, असं स्टेशनसमोरच्या हॉटेलात त्याच्या कानावर आलं. म्हणजे आता आश्रुबा फिरणार, बॉण्डला विचारतो कोण म्हणणार, आणि लिंबाजीच्या खोल्या पाडणार. भाव चढला की माणूस फिरतो, हे अप्पानं इतक्यांदा पाहिलं होतं, की आश्रुबाला एक फोन करून विचारावं असं त्याच्या मनातच आलं नाही.

लिंबाजी दुकानात आला तो हातात पिशवी घेऊन. पिशवीत बॉण्ड, आधार कार्ड, लाईटचं बिल, सगळं नीट घडी करून ठेवलेलं.

"अप्पा, लोकं म्हणायलेत गुंठेवाले आता पक्के व्हणार. आमचं बी व्हतंय का?"

अप्पानं दाराकडं पाहिलं आणि टेबलाचा खालचा खण ओढला.

या धंद्यात एक रीत आहे, कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात न सापडणारी. व्यवहाराच्या दिवशी विकणाऱ्याच्या एकदोन कोऱ्या बॉण्डवरही सह्या घेऊन ठेवायच्या. लिहिताना चूक झाली तर पुन्हा गावाकडं चकरा नकोत. आणि बॉण्डही शक्यतो जुन्या तारखेला विकत घेतलेले ठेवायचे, कधी काय कामाला येईल सांगता येत नाही. अप्पाच्या खणात आश्रुबाची सही असलेला असा एक कोरा बॉण्ड होता. मागच्या शिक्क्यावर विक्रीची तारीख होती नऊ ऑक्टोबर चोवीस. त्याला देव पावल्यासारखं झालं.

त्यानं तोच व्यवहार, तीच चतुःसीमा, तोच दीड गुंठा पुन्हा उतरवून काढला. साक्षीदारांच्या सह्या त्याच्या रोजच्याच दोघांनी केल्या. मग त्यानं लिंबाजीच्या पिशवीतला जानेवारीचा बॉण्ड घेतला.

"ह्यो ठिवला तर घोटाळा व्हईल मामा. एका जागेचे दोन कागद कुणाला सापडाया नकोत." आणि त्यानं बॉण्ड फाडला. आधी उभा, मग आडवा.

लिंबाजीचा हात अर्धवट पुढं आला होता. तो तसाच मागं गेला. "तुमाला कळतंय ते खरं," तो म्हणाला. शिकलेल्या माणसावर विश्वास टाकायची सवय अशी सहजासहजी सुटत नाही.

अर्ज गेला. पंधरा दिवसांनी चौकशीची नोटीस आली, लिंबाजीला आणि मूळ मालक म्हणून आश्रुबाला. अप्पाची रात्रीची झोप उडाली. आश्रुबा सही नाकारेल, या एकाच भीतीनं त्याचा जीव टांगणीला लागला. सही खरी आहे, हे कसं पटवायचं, त्याची बोलणी तो आंघोळ करताना, लिंगपूजेला बसल्यावरसुद्धा मनात घोळवत होता. बायको महेश्वरीनं विचारलं तर तिच्यावरच खेकसला.

चौकशीच्या दिवशी मंडळ अधिकारी बाईंच्या टेबलासमोर तिघं उभे राहिले. बाईंनी बॉण्ड वाचला, संगणकावर सातबारा पाहिला आणि आश्रुबाला विचारलं, "सही तुमची?"

"माझीच हाय," आश्रुबा म्हणाला. अप्पानं श्वास सोडला. आश्रुबानं पुढं स्वतःहूनच सांगितलं, "बाई, मामानं पैसे दिलेत, मी घेतलेत. तारखंत बसत नसंल तर माझे लगतचे गुंठे संगट धरून, तुकडा पडू न देता, मामाचं नाव सामाईकात लावून द्यायला मी तयार हाय. वकिलाला इचारून आलोय. ती पार्टी आल्ती, मी न्हाई म्हणलो तिला. घर बांधलेल्या माणसाला कुठं उठवावं?"

अप्पाला आपण नीट ऐकतोय का, हेच कळेना.

"पण तारीख तर बसते आहे," बाई म्हणाल्या. "नऊ ऑक्टोबर चोवीस. अडचण वेगळीच आहे. त्या दिवशी सातबारा धुरपताबाईंच्या नावे होता. तुमच्या नावे फेरफार डिसेंबरात झाला."

तो फेरफार अप्पानंच करून दिला होता. धुरपताबाई, आश्रुबाची आई, दिवाळीत गेली. तिच्या मृत्यूचा दाखला त्यानंच झेरॉक्स करून जोडला होता. महिनाभर त्यानं डोळ्यांपुढं फक्त एक तारीख धरली होती, आणि दुसरी त्याला दिसलीच नव्हती.

आश्रुबानं बॉण्ड हातात घेतला. ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"ह्ये काय लिवलंय अप्पा? नऊ ऑक्टोबरला माझी माय दवाखान्यात व्हती. मी तिच्या उशाशी बसून व्हतो. अन् तव्हा मी तिची जमीन इकली म्हणता? ती जित्ती असताना? माझ्या बहिणींनी ह्ये वाचलं तर माझ्या दारात पाय ठिवतील का?"

"आश्रुबा, ऐक, मामाच्या भल्यासाठीच…"

"मामाला मी कव्हा न्हाई म्हणलो? जानेवारीचा कागुद काढा. त्याच्यावर म्हणाल तिथं सही देतो. पण ह्या कागदाला माझं नाव लावू नका."

"जानेवारीचा कागद?" बाईंनी चष्म्यावरून अप्पाकडं पाहिलं.

"फाडला," अप्पा म्हणाला. "हा मीच लिहिला. मामाचा ह्यात काही दोष न्हाई."

बाईंनी खोटा बॉण्ड फायलीत लावला आणि जबाब लिहायला घेतला. आश्रुबानं जबाबाखाली सही केली, ह्या बॉण्डशी आपला संबंध नाही असं लिहून घेतलं, आणि निघाला. अप्पा त्याच्यामागं जिन्यापर्यंत धावला, नवा कागद करू म्हणाला, सगळ्यांसमोर वाकून त्याचे पाय धरायला गेला.

आश्रुबानं पाय मागं घेतला. "तुमच्या हातच्या कागदावर आता माझी सही न्हाई मिळायची. मायचं नाव चौकशीत आणलं तुमी. बहिणी काय म्हणतेत ते बघतो, मग ठरवतो." आणि तो मागं न बघता जिना उतरून गेला.

लिंबाजी बाहेर येऊन बाकावर बसला होता. पिशवी मांडीवर होती. अप्पा त्याच्या शेजारी बसला. आत बाईंचा संगणक चालू होता आणि अप्पाला आपल्यावर गुन्हा दाखल होईल, एजंटगिरी जाईल, हे सगळं दिसत होतं. तरी त्याचं त्याला आत्ता काहीच वाटत नव्हतं.

"अप्पा," लिंबाजी म्हणाला, "त्यो फाडलेला कागुद खरा व्हता ना?"

"व्हय मामा."

"मग फाडलाव कामून?"

"मला वाटलं आश्रुबा फिरंल."

"त्याला इचारलं व्हतं?"

"न्हाई."

लिंबाजीनं पिशवीत हात घातला. आधार कार्ड, लाईटचं बिल चाचपलं आणि पिशवीचे बंद बांधले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"चला मग पेडगावला. सरजाला ह्ये मी न्हाई सांगू शकत. तिनं स्वयंपाक करून ठिवलाय, आज घर पक्कं व्हणार म्हणून. तुमीच सांगा."

अप्पानं उठायला बाकाचा काठ धरला. पण त्याला उठवेना.